नकोशा टपालाची पोच

सासऱ्यांनी मला मिठागराच्या बांधावरून चालायला शिकवले, त्याविषयी मी एक लेख लिहिला आणि तो एका लहानशा त्रैमासिकाकडे पाठवायचे ठरवले, तेव्हा मला निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. तो माझा पहिलाच लेख. मराठी विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण झालेल्या माणसाने पहिला लेख इतक्या उशिरा का लिहावा, असे कोणी विचारले तर मला एवढेच सांगता येईल की तोवर मला कोणी तसे लेखी कळवले नव्हते.

त्रैमासिकाच्या मलपृष्ठावर दोन सूचना होत्या. लेख ई-मेलनेच पाठवावा, ही पहिली. होकार असो वा नकार, प्रत्येक लेखकाला उत्तर दिले जाईल, ही दुसरी. दुसऱ्या सूचनेने मी भारावून गेलो. पहिल्या सूचनेची अडचण अशी होती की मला ई-मेलचा पत्ताच नव्हता. ज्याने जन्मभर इतरांचा पत्रव्यवहार सांभाळला त्याला स्वतःचा पत्ता नसावा, यात मला तोवर काही खटकले नव्हते. मी तो उघडला तो केवळ त्या एका लेखासाठी आणि त्याच्या एका उत्तरासाठी.

घरी मी हे सांगितले नाही. घरी म्हणजे पत्नीला. घणसोलीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच राहतो. तिचे माहेर इथून जवळच, तळवली गावात आहे, आणि लेख तिच्या वडिलांविषयी होता. लग्नाच्या वर्षी, नव्या टेरिलिनच्या पँटमध्ये, मी त्यांच्यामागून मिठागराच्या अरुंद बांधावर चाललो होतो आणि मांडीपर्यंत चिखलात पडलो होतो. त्यांनी मला बाहेर काढले, खाऱ्या पाण्याने पँट धुतली, वाऱ्यावर वाळवली आणि ही गोष्ट मरेपर्यंत घरात कोणाला कळू दिली नाही. त्या मौनामुळे ते मला माझे वाटले, असे लेखाचे तात्पर्य होते. ते आता नाहीत. मिठागरही नाही. छापलेला अंक पान उघडून पत्नीच्या हाती द्यावा आणि आपण बाल्कनीत जाऊन उभे राहावे, एवढीच माझी योजना होती. बोलून सांगण्याची वेळ येऊ नये म्हणूनच मी लिहिले होते.

त्रैमासिकाचा पुढचा अंक खाडीकाठच्या आठवणींचा विशेषांक होता. त्यात जागा मिळाली तर मिळाली, नाही तर असा लेख पुन्हा कोणी मागणार नव्हते. म्हणून लेख पाठवल्यावर मी रोज सकाळी आंघोळ करून, जुन्या लॅपटॉपसमोर बसून उत्तराची वाट पाहू लागलो.

पत्रे येऊ लागली. ती संपादकांची नव्हती.

माझा पत्ता लोकांना कसा कळला, हे मला आता उलगडते. तो मीच दिला होता. चष्म्याच्या दुकानात विचारला, दिला. औषधांच्या दुकानात बिल करताना विचारला, दिला. मॉलमध्ये कोणीतरी काचेच्या पेटीत चिठ्ठी टाकायला सांगितले, तेव्हा मी तो वळणदार अक्षरात लिहून टाकला. नाही म्हणणे मला जमत नाही, आणि खरे सांगायचे तर कोणी पत्ता विचारला की मला थोडे बरेही वाटत होते.

पत्ता देणे ही झाली सुरुवात. पुढचा अनर्थ माझ्या नोकरीने केला. सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावक शाखेत रुजू झालो आणि त्याच शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्या शाखेचा धर्म एकच : आलेल्या कागदाला पोच द्यायची. कागद कोणाचा, कशासाठी, खरा की खोटा, हे ठरवणारे वरच्या मजल्यावर बसत. आम्ही फक्त तो आला हे मान्य करायचे. पोच न मिळालेला अर्जदार जिन्यात कसा उभा राहतो, हे मी फार जवळून पाहिले आहे. तेव्हा वजन कमी करण्याच्या चूर्णाविषयी मला पहिले पत्र आले, त्याला मी रीतसर उत्तर दिले.

“महोदय, आपले पत्र मिळाले. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहे. तूर्त माझे वजन कमी करण्याचा प्रस्ताव विचाराधीन नाही. तशी आवश्यकता भासल्यास आपणांस कळवण्यात येईल. कळावे.” खाली पूर्ण नाव, निवासाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिला, कारण त्याशिवाय पत्र पूर्ण होत नाही.

दुसऱ्या दिवशी चूर्णवाल्यांचे पुन्हा पत्र आले आणि सोबत वजन वाढवण्याच्या चूर्णाचेही आले. मी दोघांनाही पोच दिली. आठवड्याभरात केस उगवणारे, केस काढणारे, घरबसल्या इंग्रजी शिकवणारे, गाडीचा विमा उतरवणारे अशा सर्वांशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला. माझ्याकडे गाडी नाही, हे मी विमावाल्यांना सविस्तर कळवले. त्यावर गाडी विकणाऱ्यांचे पत्र आले.

यातला एक पत्रव्यवहार मात्र मला अजूनही समाधान देतो. दूरदेशीच्या एका विधवा बाईंनी मला लिहिले की, पतीच्या निधनानंतर त्यांच्याकडे अफाट संपत्ती राहिली असून ती त्यांना माझ्यासारख्या सज्जनाच्या हाती द्यायची आहे. मी त्यांना सांत्वनाचे पत्र पाठवले. त्यांनी माझ्या बँकेचा तपशील मागितला. मी कळवले की अशा हस्तांतरणासाठी पतीच्या मृत्यूचा दाखला, वारस दाखला, इतर वारसांचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या प्रती लागतील. त्या तीन प्रतींत असाव्यात. बाईंनी निकड असल्याचे लिहिले. मी उत्तरात त्रुटींची यादी पाठवली. त्यांनी एका वकिलाचे पत्र जोडले. त्यावर जावक क्रमांक नव्हता, हे मी निदर्शनास आणले. त्यानंतर त्यांनी मला कधीही लिहिले नाही. मी दोन स्मरणपत्रे पाठवली.

इतरांनी मात्र मला सोडले नाही. त्यांत सर्वांत प्रेमळ होती भूखंड विकणारी एक कंपनी. “आपला प्लॉट आपली वाट पाहत आहे,” असे ती रोज सकाळी लिहायची. माझा कुठेही प्लॉट नाही, काहीतरी गैरसमज झाला असावा, असे मी कळवले की तिच्याकडून तत्काळ उत्तर यायचे : “आपण दाखवलेल्या रुचीबद्दल धन्यवाद.” माझ्या नकाराची भाषा जितकी ठाम होत गेली तितका तिचा स्वर मृदू होत गेला. कंपनीचे कार्यालय बेलापुरातच, माझ्या जुन्या कार्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. पत्राने भागत नसेल तर समक्ष जाऊन अर्ज द्यावा, ही माझी पिढीजात समजूत. मी अर्ज दोन प्रतींत तयार केला. एक त्यांच्यासाठी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून त्यांचा शिक्का घेण्यासाठी.

प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाने आधी माझा ई-मेल पत्ता मागितला. त्याशिवाय आत सोडता येत नाही, असे तो म्हणाला. ई-मेल थांबवण्यासाठीच आलो आहे, हे सांगण्याइतका माझा त्याच्याशी परिचय नव्हता. पत्ता दिला. आत एका हसतमुख मुलीने मला पाणी दिले आणि मी तोंड उघडण्याआधीच एका अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवले. तिथे माझ्या वयाची काही जोडपी पडद्यावर डोंगर, झाड आणि झोका असे चित्र पाहत होती. मध्येच उठणे मला शोभले नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मीही वाजवल्या.

दिवे लागल्यावर मी अर्ज पुढे केला. मुलीने तो शेवटपर्यंत वाचला, भाषेचे कौतुक केले आणि मेल मशीन पाठवते, आपल्या हातात काही नसते, असे खेदाने सांगितले. निदान पोच तरी द्यावी, अशी मी विनंती केली. तिने खण धुंडाळला. त्यांच्याकडे एकच शिक्का होता, तो तिने माझ्या प्रतीवर उमटवला. घरी येऊन चष्मा लावून पाहिले, तर त्यावर ‘साइट व्हिजिट कन्फर्म’ असे होते.

त्याच आठवड्याच्या रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी एक वातानुकूलित गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली. शिक्का माझ्या अर्जाच्या प्रतीवर होता. मी तो स्वीकारला होता आणि हरकत नोंदवली नव्हती. मी गेलो.

गाडीत माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसले होते. तेही मेल बंद करण्याचा अर्ज घेऊनच गेले होते, असे त्यांनी मला बऱ्याच वेळाने आणि खालच्या आवाजात सांगितले. या भूखंडावर ते याआधीही येऊन गेले होते. जेवण चांगले असते, म्हणाले. आम्ही एका उघड्या माळावर चुन्याने आखलेल्या चौकोनात उभे राहिलो. आमची वाट पाहणारा प्लॉट तो हाच. मला त्याच्याविषयी थोडी सहानुभूती वाटली.

संध्याकाळी परतलो तेव्हा पत्नी दारातच होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली आहे आणि कोण खरे बोलतो, कोण नाही, हे तिला आवाजावरून कळते. मी सगळे सांगितले. लेखाचे सांगितले नाही, त्याचे पत्र मी पाठवलेल्या पत्रांतून आधीच काढून टाकले होते. जुन्या सहकाऱ्यांशी संपर्क राहावा म्हणून ई-मेल घेतला, असे म्हणालो. तिने आधी जेवणात काय होते ते विचारले, मग लॅपटॉप पुढे ओढून मी पाठवलेली पत्रे एकेक करून वाचली. रागावली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते.

“तुमी पोच देता,” ती म्हणाली, “नि त्याला समजते, या घरान मानूस हाय.”

मग तिने मला एक्स्चेंजमधल्या दिवसांचे सांगितले. काही लोक उगाच वाटेल ते नंबर फिरवीत. जिथे कोणी उचलले नाही तो नंबर ते विसरून जात. जिथे कोणी उचलून “राँग नंबर” एवढे जरी म्हटले, तिथे ते पुन्हा पुन्हा लावत. तो काय बोलला याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. तो बोलला, हेच पुरे होते. ई-मेलचेही तेच. हजारो पत्ते अंदाजाने किंवा विकत घेऊन जमवलेले असतात. त्यांतले जिवंत कोणते, हे उत्तर देणाराच सांगतो. माझी प्रत्येक पोच म्हणजे मी हयात असल्याचा दाखला होता. पेन्शनसाठी तो वर्षातून एकदा देतात आणि मी तो रोज देत होतो.

त्या रात्रीपासून घरात नवे नियम लागू झाले. अनोळखी पत्राला उत्तर द्यायचे नाही, नकाराचेही नाही. त्यातली फाइल उघडायची नाही, दुव्याला बोट लावायचे नाही. पत्राच्या तळाशी “पत्रे नको असल्यास येथे दाबा” असे असते, ते चष्म्याच्या दुकानासारख्या ओळखीच्या ठिकाणी दाबायला हरकत नाही. अनोळखी असेल तर तेही दाबायचे नाही, कारण तीही पोचच. अशा पत्रावर ‘स्पॅम’ अशी खूण करून ते वेगळ्या कप्प्यात टाकायचे. दुकाने, मॉल, पेट्या यांच्यासाठी तिने मला दुसराच एक पत्ता उघडून दिला आणि पहिला कोणालाही सांगणार नाही, असे माझ्याकडून वदवून घेतले. शेवटचा नियम असा की दर रविवारी स्पॅमचा कप्पा दोघांनी मिळून तपासायचा, कारण चाळणीत कधीकधी तांदूळही अडकतात.

मला हे फार जड गेले. पत्र आले आहे, वाचले आहे आणि आपण गप्प आहोत, ही अवस्था मला नोकरीत कधी सोसावी लागली नव्हती. चूर्णवाले काय म्हणत असतील, असे सकाळी दात घासताना मनात यायचे. परंतु हळूहळू पत्रे कमी झाली. ज्या दिवशी एकही पत्र आले नाही, त्या दिवशी पत्नीने आनंदाने शिरा केला. माझ्या मात्र ध्यानात आले की त्या गर्दीत संपादकांचे पत्र हरवले नव्हते. ते आलेच नव्हते.

कार्यालयात अशा वेळी काय करायचे, याची पद्धत ठरलेली असते. मी संपादकांना स्मरणपत्र पाठवले. विषय : नम्र स्मरण. संदर्भ : माझे समक्रमांकाचे पत्र. मजकूर : “आदरणीय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की सोबत जोडलेली फाइल कृपया उघडावी व आपला अमूल्य प्रतिसाद शक्य तितक्या लवकर द्यावा.” उत्तर नाही. दुसरे पाठवले, त्यात “अत्यंत तातडीचे” असे वाढवले. तिसऱ्यात “आपल्या सद्भावनेवर विश्वास ठेवून” असे घातले. त्यानंतर अर्धशासकीय पत्राची पायरी येते. त्यात औपचारिकपणा थोडा सैल करून ‘प्रिय’ अशी सुरुवात करायची असते. तीही केली. विशेषांक छपाईला जाण्याची वेळ जवळ आली होती. होकार किंवा नकार देऊ, असे छापील वचन देणारे लोक गप्प कसे राहतात, हे मला कळेना.

शेवटी एका दुपारी, ग्रंथालयात जातो असे सांगून, मी बसने कामोठ्याला गेलो. त्रैमासिकावर छापलेला पत्ता एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा होता. जिन्यात मी काय बोलायचे ते तीनदा म्हणून पाहिले आणि घंटा वाजवली. लाकडी दार उघडले, जाळीचे बंदच राहिले. आत चष्मा कपाळावर ढकललेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे आहे.”

मी “धन्यवाद” म्हणालो. लाकडी दार बंद झाले आणि मी एक मजला खाली उतरलो. तिथे एका बंद फ्लॅटच्या दारात पत्रकांचा ढीग साचला होता, किडे मारणारे, डबा पोचवणारे, गणिताच्या शिकवण्या घेणारे. मी ती पत्रके नीट रचून ठेवली, तोवर थोडा धीर आला. पुन्हा वर गेलो. या वेळी बाईंनी जाळीतून हातच हलवला. पाठ केलेले सगळे भाषण डोक्यातून निघून गेले. “महोदया” हा शब्दसुद्धा आठवेना.

“मॅडम,” मी म्हणालो, “मी मिठागरात पडलो होतो.”

त्यांनी माझ्या कपड्यांकडे पाहिले. “आत्ता?”

“नाही. लग्नाच्या वर्षी.”

जाळीचे दार उघडले.

त्या एका महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि जेवणाच्या टेबलावरून त्रैमासिक चालवत होत्या. मी लेखाविषयी सांगितले. असा लेख आपल्याकडे आलेला नाही, आलेल्या प्रत्येकाला आपण उत्तर देतो, असे त्या म्हणाल्या आणि त्यांना ते लागल्यासारखे दिसले. मी पाच वेळा लिहिले आहे, असे मी हळूच म्हणालो. मग त्यांनी चहा टाकला आणि तो होईपर्यंत कॉम्प्युटरवर स्पॅमचा कप्पा उघडला.

तिथे मी होतो. पाचही वेळा होतो. माझ्या वर पोट आठवड्यात सपाट करणारे कोणी होते आणि खाली लॉटरी लागल्याचे अभिनंदन होते. बाई एकेक पत्र मोठ्याने वाचू लागल्या. ‘आदरणीय, सोबतची फाइल कृपया उघडावी.’ ‘प्रिय, आपल्या सद्भावनेवर विश्वास ठेवून.’ ‘अत्यंत तातडीचे, आपल्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.’ दोनदा मला ते पत्र माझे वाटले आणि ते लॉटरीवाल्यांचे निघाले. एकदा उलटे झाले.

“यातला फरक मला दाखवा,” बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

मी बराच वेळ पाहिले. माझ्या पत्रांत विरामचिन्हे बिनचूक होती, एवढेच मला सांगता आले.

त्यांनी समजावले ते असे. मशीन भाषा तपासते, आणि त्याहून जास्त पाठवणाऱ्याचा स्वभाव तपासते. एकच मजकूर शेकडो अनोळखी पत्त्यांवर पाठवणाऱ्याला ते ओळखून ठेवते. चूर्णवाल्यांपासून विमावाल्यांपर्यंत सर्वांना मी एकाच साच्याची पोच धाडली होती. त्यांतल्या काहींनी कंटाळून माझ्याच पत्रांवर ‘स्पॅम’ अशी खूण केली असण्याचीही शक्यता होती. मी भूखंडाच्या कंपनीला नकोसा झालो होतो, हा विचार मला अनपेक्षितपणे बोचला.

चहा आला. त्यात साखर नव्हती. त्या विसरल्या होत्या की त्यांच्याकडे तसाच घेतात, हे विचारण्याची मला भीड वाटली, म्हणून मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि छान झाल्याचे सांगितले. निघताना बाई म्हणाल्या, स्पॅममधली फाइल मी उघडत नाही, लेख पुन्हा पाठवा, अंक थांबवून ठेवते, पण विषयाच्या जागी असे काहीतरी लिहा की जे जगात फक्त तुम्ही मला लिहू शकाल.

बसमध्ये मी त्यावर फार विचार केला. घरी येऊन लेख जोडला आणि विषयाच्या जागी लिहिले : ‘आज दुपारी तुमच्याकडे बिनसाखरेचा चहा प्यायलो, तो मी.’ आदरणीय लिहिले नाही. कळावे लिहिले नाही.

तीन-चार दिवसांनी रविवार आला. नियमाप्रमाणे पत्नी आणि मी स्पॅमचा कप्पा तपासायला बसलो. बाईंचे उत्तर तिथेच होते. माझ्या पत्त्याची वाईट संगत अजून सुटली नव्हती. पत्नीने ते माझ्याआधी पाहिले आणि मोठ्याने वाचले.

“साखर राहिली होती हे तेव्हाच सांगायचं होतं. दुसऱ्यांदा जिना चढून आलात, तसे लेखातही उशिरा येता. पहिली दोन पानं काढा, पडता तिथून सुरुवात करा. घेते.”

लेख स्वीकारला गेला होता. आयुष्यात प्रथमच. परंतु तो आनंद व्यक्त करायला सवड नव्हती, कारण पत्नीने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

“कामोठ्याला कोन हाय?”

तिला पत्राखालच्या पत्त्यावरून कळले होते. मी खुलासा करायला लागलो. त्यात ग्रंथालय, बस, जिना आणि दोनदा बंद झालेले दार असे सगळे आले, आणि प्रत्येक वाक्याबरोबर प्रकरण अधिक वाईट दिसू लागले. अखेर मी लेख उघडला, लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. योजनेतला एवढा भाग तरी मला पार पाडता आला.

मी खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा मोजू लागलो. मग आतून नाक ओढल्याचा आवाज आला. नंतर जो आवाज आला तो मला आधी रडण्याचा वाटला. मी आत गेलो. ती पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती, आणि हसणे तिला आवरत नव्हते.

“बाबांनी कोनाला सांगितलं नाय, असं लिवलंय तुमी,” ती म्हणाली. “अहो, आमी समद्या पलीकडच्या बांधावर होतो. मी, आई, दोन्ही काकी. सकाळीच बाबा बोलले होते, जावई आज पडनार हाय, बघायला या.”

मी खुर्चीवर बसलो. इतकी वर्षे मी ज्या मौनाचा मान ठेवत आलो होतो, ते तळवलीच्या निम्म्या आळीने मिळून पाळले होते. माझी पँट वाळत असताना काकी फिदीफिदी हसत होत्या, हेही तिने सांगितले. मग थोडी शांत झाली आणि म्हणाली की घरी जाताना बाबांनी सगळ्यांना दम भरला होता. पोर लाजरा आहे, त्याच्या कानावर गेलं तर पुन्हा यायचा नाही. म्हणून कोणी कधी बोलले नाही. बाबा गेल्यावरही नाही.

लेखाचे तात्पर्य गेले. मी तसे तिला म्हणालोही. ती म्हणाली, दोन पानं काढायचीच आहेत ना, मग हे घाला. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. पलीकडच्या बांधावर कोण कुठे उभे होते, कोणाच्या डोक्यावर पाटी होती, पडताना मी काय ओरडलो. मी ओरडलो होतो, हे मला माहीत नव्हते. संध्याकाळपर्यंत लेख जवळजवळ तिचाच झाला.

विषयाच्या जागी काय लिहायचे, तेही तिनेच सांगितले : ‘जावई पडला तेव्हा समदे बघत होते.’

पाठवला, आणि दोघे पडद्याकडे पाहत बसलो. चहा निवण्याआधी उत्तर आले, या वेळी सरळ समोरच्या कप्प्यात. बाईंनी एकच शब्द लिहिला होता : “पोच.”

मी या पोचेची पोच द्यावी म्हणून बोटे पुढे केली. पत्नीने लॅपटॉपचे झाकण खाली केले.